दक्षिण टिरोलमधील शेतघरांचा शरद : पाहुणचार, श्रम आणि कायदा

शहरातील कुटुंबाने सुटीचे काही दिवस एखाद्या शेतकऱ्याच्या घरी काढावयाचे, त्याच्या गोठ्यातील दूध प्यावयाचे, पीक निघत असता ते पाहावयाचे व त्याबद्दल ठरलेले मोल द्यावयाचे, ही प्रथा आज युरोपात सर्वत्र रूढ आहे. पर्यटनविषयक लेखनात ती 'ग्रामीण पर्यटन' ह्या सदराखाली घालण्यात येते. हे सदर इतके व्यापक आहे की त्यात तळ्याकाठचे मोठे हॉटेलही बसते आणि चार गाईंचा गोठाही बसतो. परिणामी ज्या प्रश्नाने ह्या प्रथेचा अभ्यास खरोखर सुरू व्हावयास हवा तोच झाकला जातो. तो प्रश्न असा : पाहुणे घेणारे शेत कोठवर शेत राहते, आणि कोणत्या क्षणी ते केवळ शेताचा देखावा असलेली खाणावळ बनते?

हा प्रश्न शरदात सर्वांत तीव्र होतो. पीक घरात येण्याचे आठवडे आणि पाहुणे येण्याचे आठवडे तेव्हा एकच असतात. तीच माणसे, तेच हात, दोन्हीकडे लागतात. इटलीच्या उत्तर सीमेवरील दक्षिण टिरोल हा प्रांत ह्या दृष्टीने विशेष अभ्यसनीय आहे; कारण तेथे शरदातील पाहुणचाराला जुने नाव आहे, जुना आधार आहे आणि आता त्यावर तपशीलवार कायदाही आहे. (येथे शरद म्हणजे सप्टेंबर ते नोव्हेंबर. पंचांगाने तो आपल्या आश्विन-कार्तिकाशी बराचसा जुळतो, पण वृत्तीने नाही. आपला शरद पावसातून बाहेर पडण्याचा. तेथील शरद हिवाळ्याआधी दारे लावून घेण्याचा.)

हा प्रदेश पहिल्या महायुद्धापर्यंत ऑस्ट्रियाच्या टिरोलचा भाग होता. १९१९ च्या सँ-झेर्मँ तहाने तो इटलीकडे आला. २०११ च्या जनगणनेनुसार येथील सुमारे ६९ टक्के लोक जर्मनभाषक, २६ टक्के इटालियनभाषक व उरलेले लादिनभाषक होते. प्रांताची जवळजवळ दोन तृतीयांश भूमी १,५०० मीटरांहून उंच आहे. खोऱ्याच्या तळाशी सफरचंदाच्या बागा, त्यांवरील उतारांवर द्राक्षांचे मळे व चेस्टनटची झाडे, आणखी वर गवताळ कुरणे व गोठे, अशी ही उभी शेती आहे. सफरचंदाखाली सुमारे १८,००० हेक्टर जमीन असली तरी ती लहान लहान कुटुंबांच्या हाती विभागलेली आहे.

तथापि येथील शेत लहान असले तरी तुकड्यातुकड्यांचे नाही. त्याचे कारण वारसापद्धतीत आहे. जर्मन भाषेत ज्याला 'गेश्लॉसनर होफ', म्हणजे 'बंद वाडी', म्हणतात ती घर, गोठा, शेत व रान मिळून एक अविभाज्य मिळकत होय. ती एकाच वारसाकडे जाते आणि इतरांना भरपाई मिळते. टिरोलमध्ये ह्या परंपरेला १९०० मध्ये कायद्याचे रूप मिळाले. इटालियन राजवटीत १९२९ मध्ये ते गेले. स्वायत्त प्रांताने १९५४ मध्ये ते पुन्हा आणले आणि २००१ मध्ये नव्याने रचले. दोनशे वर्षांहून अधिक काळ एकाच कुटुंबाकडे असलेल्या वाडीस 'एर्बहोफ' ही सन्माननीय पदवी देण्यात येते. वारसाहक्काने भावाभावांत वाटण्या होत जाऊन क्षेत्र गुंठ्यांवर आलेल्या आपल्या वाचकास ही व्यवस्था कठोर वाटेल, आणि भरपाई घेऊन बाहेर पडणाऱ्या भावंडांच्या दृष्टीने ती कठोर आहेच. परंतु पुढील विवेचनासाठी इतके ध्यानात घ्यावे की अशा वाडीला विकून मोकळे होण्याचा मार्ग सोपा नसतो. उत्पन्न तुटपुंजे झाले तर दुसरे काही जोडूनच ती टिकवावी लागते, आणि पाहुणे हे त्या जोडण्यांपैकी एक होय.

शरदाचा आरंभ वरच्या कुरणांवरून होतो. सप्टेंबरात उन्हाळी चराईवरील जनावरे खाली उतरतात. उन्हाळाभर एकही जनावर दगावले नसेल तर पुढच्या गाईच्या डोक्यावर फुलापानांचा मुकुट चढवतात; अपघात झाला असेल तर कळप अलंकाराविना परततो, आणि गावाला न विचारता वृत्त कळते. श्नाल्सच्या खोऱ्यातील मेंढपाळांची रीत ह्याहून विलक्षण आहे. त्यांचे कळप जूनमध्ये सुमारे तीन हजार मीटर उंचीच्या खिंडी ओलांडून आज ऑस्ट्रियात असलेल्या फेन्ट गावाच्या कुरणांवर जातात व सप्टेंबरच्या मध्याला बर्फातून परत येतात. ह्या चराईच्या हक्काचा लेख १४१५ सालचा आहे. देशांची सीमा मधून गेली तरी हक्क टिकला. २०१९ मध्ये युनेस्कोने ऑस्ट्रिया, ग्रीस व इटली ह्यांच्या ऋतुचराईचा समावेश मानवतेच्या अमूर्त वारशाच्या यादीत केला. ह्याच डोंगररांगेत १९९१ मध्ये सुमारे ५,३०० वर्षांपूर्वीचा गोठलेला मानवदेह सापडला, आणि तेव्हापासून त्याचा संबंध ह्या मेंढपाळीशी जोडण्याचा मोह पुष्कळांस होतो. १४१५ चा लेख हा त्याहून भक्कम आधार आहे, असे आम्हांस वाटते.

कळप उतरले की द्राक्षे. द्राक्षतोडणीला येथील बोलीत 'विम्मन' म्हणतात; हा शब्द लॅटिनमधील 'विन्देमिआरे' ह्यापासून आलेला आहे. रस पिळण्याच्या चरकाला 'तोर्गल' म्हणतात. तोही लॅटिन 'तोर्कुलुम'चा वंशज. भाषा जर्मन, पण द्राक्षमळ्यातील शब्द रोमन, ही गोष्ट मळ्यांचे वय सांगून जाते. ह्या 'तोर्गल'पासूनच शरदातील पाहुणचाराचे नाव बनले आहे : 'ट्योर्गेलन'. चरक जेथे आहे त्या खोलीत बसून वर्षाचा नवा रस व नवी वाइन चाखणे, हा त्याचा मूळ अर्थ. ब्रिक्सन व बोल्झानो ह्यांच्यामधील आयझाक नदीचे खोरे हे त्याचे माहेर मानले जाते. क्लाउझन, फेल्डथुर्न्स, फिलांडर्स ह्या गावांच्या परिसरात ते आजही विशेष जिवंत आहे.

त्याच्या उगमाविषयी दोन कथने आहेत. एकानुसार, मद्याचे व्यापारी व खानावळवाले खरेदीपूर्वी चव घेण्यासाठी मळ्यामळ्यांतून फिरत, त्यातून ही प्रथा निघाली. दुसऱ्यानुसार, खालचे द्राक्षमळेवाले आपली जनावरे उन्हाळ्यात वरच्या शेतकऱ्यांकडे चराईस धाडीत आणि शरदात त्यांना जेवावयास बोलावून त्या उपकाराची फेड करीत. तोडणीला आलेले मदतनीसही त्या पंक्तीत असत. दोहोंपैकी एकच खरे मानण्याची गरज नाही. लक्षणीय गोष्ट ही की दोन्हींत पाहुणचार निर्हेतुक नाही. पहिल्यात तो सौद्याची पूर्वतयारी आहे, दुसऱ्यात वर्षाच्या देण्याघेण्याचा निकाल. पूर्वी सारे प्रेमाखातर होते व आता पैशाखातर झाले, हा जो सूर पर्यटनावरील टीकेत वारंवार ऐकू येतो, त्याला येथील इतिहास साथ देत नाही. हिशेब पूर्वीही होता. पण तो ज्या माणसांत होता ती एकमेकांना ओळखत होती आणि पुढील वर्षी पुन्हा एकमेकांवर अवलंबून राहणार होती. बदल झाला आहे तो येथे.

जेवण ठरलेले असते. प्रथम बार्लीचे सूप किंवा पालक व ताजे चीज भरलेल्या अर्धचंद्राकृती 'श्लुट्झक्राप्फन'. मग खारवलेले डुकराचे मांस, घरचे सॉसेज, आंबवलेली कोबी व पावाचे गोळे. शेवटी खसखस, जॅम किंवा चेस्टनटचे सारण भरून तळलेले गोड 'क्राप्फन'. अखेरीस छिद्रांच्या कढईत उघड्या जाळावर भाजलेले चेस्टनट येतात. ते सोलून लोण्याबरोबर खातात. सोबत 'झुसर', म्हणजे नुकता आंबू लागलेला गोड रस, आणि पुढे 'नुयर', म्हणजे नवी वाइन. ह्या पदार्थांची यादी म्हणजे वाडीच्या शरदातील कामांचीच यादी आहे : मळणी, कापलेले डुक्कर, मुरवलेली कोबी, पिळलेली द्राक्षे, वेचलेली फळे.

चेस्टनटचे थोडे अधिक सांगावयास हवे, कारण पाहुण्यांच्या मुलांचा शरद बहुधा त्याच झाडाखाली जातो. ऑक्टोबरात काटेरी आवरण फुटून फळे आपोआप गळतात. ती वेचावयास कौशल्य लागत नाही, केवळ वाकणे लागते. भाजलेली फळे वेताच्या 'केश्टनरिगल' नावाच्या टोपलीत घालून हलवली की करपलेली साले सुटतात. हा वृक्ष मात्र निर्धास्त नाही. सालीवर पडणारा करपा युरोपात १९३८ मध्ये इटलीतील जेनोवाजवळ प्रथम आढळला व त्याने दक्षिण युरोपातील राई झोडपल्या. ह्या बुरशीला दुर्बल करणारा एक विषाणू तिच्यात पसरल्यामुळे पुष्कळ झाडे सावरली. २००२ मध्ये पिएमोंतेत आशियातून आलेली गाठमाशी आढळली. तिच्यावर तिचाच नैसर्गिक शत्रू असलेली एक परोपजीवी गांधीलमाशी सोडण्यात आली आणि ती उपयोगी पडली. चेस्टनटला बाजारात मिळणाऱ्या भावावर एवढी उठाठेव शेतकऱ्याने केली असती की नाही, ह्याची शंका येते. शरदातील पाहुण्यांमुळे त्या झाडाला फळाच्या किमतीपलीकडचे मोल आले आहे.

आता पाहुण्यांकडे वळू. बोल्झानोच्या सधन कुटुंबांची उन्हाळ्यात रिट्टनच्या पठारावर मुक्कामास जाण्याची चाल कित्येक शतकांची आहे. परंतु ती स्वतःच्या घरांत होती आणि उकाडा टाळण्यासाठी होती. शेतकऱ्याचे जीवन पाहणे हा तिचा हेतू नव्हता. ब्रेनर खिंडीतून १८६७ मध्ये आगगाडी व १९७४ मध्ये अखंड महामार्ग झाल्यानंतर उत्तरेकडील शहरे काही तासांच्या अंतरावर आली, आणि शरदातील कौटुंबिक सहल हा वेगळाच प्रकार उदयास आला. त्यात एक ऐतिहासिक विनोद दडलेला आहे. जर्मनीत शाळांना मिळणाऱ्या शरदाच्या सुटीला पूर्वी 'बटाट्याची सुटी' म्हणत. खेड्यातील मुलांनी घरच्या बटाटेकाढणीत हातभार लावावा म्हणून ती होती. यंत्रे आली, मुलांची गरज संपली, सुटी मात्र राहिली. आणि आज त्याच सुटीत शहरातील मुले, ज्या कामासाठी ती एके काळी दिली जात होती ते काम पाहावयास, भाडे देऊन शेतावर येतात.

हे सारे कोणत्या मर्यादेत चालावे, ह्याचे उत्तर इटलीने कायद्याने दिले आहे. शेतकऱ्याने स्वतःचे उत्पादन परवान्याविना विकण्याची मुभा ऑस्ट्रियाचा सम्राट दुसरा योसेफ ह्याने १७८४ मध्येच दिली होती. दारावर झाडाची फांदी टांगून घरची वाइन पाजणारी शेतघरे त्या परंपरेतील होत. आधुनिक कायदा ५ डिसेंबर १९८५ चा, क्रमांक ७३०. त्याची जागा २० फेब्रुवारी २००६ च्या ९६ क्रमांकाच्या कायद्याने घेतली. दक्षिण टिरोलने २००८ मध्ये स्वतःचा प्रांतिक कायदा केला. सर्वांचे मूलतत्त्व एकच आहे : पाहुणे घेणारा आधी शेतकरी असला पाहिजे, आणि शेती हाच प्रधान व्यवसाय राहिला पाहिजे. प्रांतातील शेतकरी संघाने गेल्या शतकाच्या अखेरीस 'लाल कोंबडा' हे चिन्ह काढले. त्याखाली दीड हजारांहून अधिक शेतघरे असून त्यांची प्रतवारी ताऱ्यांनी नव्हे, फुलांनी केली जाते.

प्राधान्य मोजावयाचे कसे? उत्पन्नाने मोजले तर डोंगरावरील बहुतेक वाड्या नापास होतील, कारण आठवड्याभराच्या पाहुण्यांकडून मिळणारी रक्कम गवताच्या उतारावरून मिळणाऱ्या रकमेहून सहज मोठी असते. म्हणून २००६ च्या कायद्याने मुख्यतः श्रमाच्या वेळेचा निकष घेतला, आणि पाहुणे दहांहून अधिक नसतील तर शेती प्रधानच समजावी अशी सवलत ठेवली. प्रत्यक्षात अनेक प्रदेशांत हा वेळ घड्याळाने मोजला जात नाही. हेक्टरमागे व जनावरामागे ठरावीक श्रम धरणाऱ्या कोष्टकांवरून तो काढतात. योजना चतुर आहे. उतार जितका बिकट, तितकी शेती श्रमाची, आणि तितकी पाहुण्यांसाठी जागा अधिक; दुर्बळ वाडीला झुकते माप मिळते.

पण ह्या निकषाची एक उणीव शरदातच उघडी पडते. कोष्टक वर्षाचे असते. थकवा महिन्याचा असतो. ऑक्टोबरात तोडणी, दारूघरातील काम व भरलेली पंक्त ही एकाच वेळी येतात, आणि पंक्तीचा भार बहुतांशी घरच्या बाईवर पडतो. तिचे स्वयंपाकघरातील तास कायद्याच्या दृष्टीने शेतीच्या विरुद्ध पारड्यात पडतात. वस्तुतः त्या तासांवरच गोठा चालू राहतो. दुसरीकडे, ट्योर्गेलनची मागणी वाढल्यामुळे कित्येक खानावळी द्राक्षे वेलीवर असतानाच हंगाम सुरू करतात; तेव्हा नवी वाइन असणेच शक्य नसते आणि चेस्टनट बाहेरून आणलेले असतात. हुरड्याच्या बाबतीत आपल्याकडेही हेच घडू लागले आहे. मळ्यात आगटी पेटवून आप्तेष्टांना बोलावण्याची चाल तिकिटाची झाली, तेव्हा ज्वारी त्याच शिवारातील आहे काय, हा प्रश्न गौण ठरला. २०२० मध्ये महाराष्ट्र शासनाने कृषिपर्यटनाचे धोरण जाहीर केले आहे. त्याचा अभ्यास करणाऱ्यांनी खोल्या व पाहुणे मोजण्याबरोबर ही बाबही तपासावी.

११ नोव्हेंबरला संत मार्टिनचा दिवस येतो. पूर्वी ह्या दिवशी खंड चुकता होई व शेताचे वर्ष संपे. आता मुले हाती कंदील घेऊन मिरवणुकीने फिरतात. ट्योर्गेलन आणखी दोनेक आठवडे, नाताळापूर्वीचे व्रताचे दिवस लागेपर्यंत, चालते. वाडीवर त्या सुमारास गवत, लाकूड व पीपे आत घेऊन झालेली असतात, आणि शेवटच्या पाहुण्यांसाठी कढईत उरलेले चेस्टनट भाजले जातात. ते झाड शेतकऱ्याचे, वेचणी पाहुण्यांच्या मुलांची, भाजणी घरच्या बाईची. कोष्टकाच्या कोणत्या रकान्यात ह्या कढईची नोंद करावयाची, हे अद्याप कोणत्याही कलमात सांगितलेले नाही.