एस्पोझितो : एका आडनावाची जन्मकथा

आडनाव म्हणजे घराण्याचा पत्ता, अशी आपली साधारण समजूत असते. शेवटी ‘कर’ आला की गाव कळते. कुलकर्णी किंवा देशपांडे म्हटले की वतन कळते. या समजुतीला धक्का देणाऱ्या एका इटालियन आडनावाचा आज आपण विचार करू.

ते आडनाव एस्पोझितो. इटलीत अत्यंत प्रचलित असलेल्या पहिल्या चार-पाच आडनावांत त्याची गणना होते. नेपल्स शहरात तर त्याचा क्रमांक पहिला लागतो. मग एस्पोझितोंचे घराणे केवढे मोठे असले पाहिजे! परंतु गंमत अशी की, असे एक घराणे मुळी कधी नव्हतेच.

हा शब्द लॅटिन ‘एक्स्पोझितुस’पासून आला. त्याचा अर्थ बाहेर ठेवलेला, उघड्यावर सोडलेला. नेपल्समध्ये ‘अनुन्त्सियाता’ नावाची धर्मादाय संस्था चौदाव्या शतकापासून होती. तिच्या भिंतीत एक पोकळ लाकडी पिंप बसविलेले होते. ते उभ्या कण्याभोवती फिरे. दारिद्र्याने गांजलेली किंवा लोकलज्जेने भ्यालेली माता रस्त्याच्या बाजूने त्यात तान्हे मूल ठेवी. पिंप फिरले की मूल आत जाई आणि आतील बाई ते उचलून घेई. मातेचे तोंड कोणी पाहत नसे. मुलाची नोंद वहीत होई आणि आडनावाच्या जागी बहुधा एकच शब्द पडे : एस्पोझितो. शतकानुशतके हे चालले. म्हणजे या आडनावाचा प्रसार रक्ताने जितका झाला, तितकाच वहीतील लेखणीने झाला. दोन एस्पोझितो एकमेकांचे भाऊबंद असतीलच असे म्हणता येत नाही, ते यामुळेच.

इतर शहरांतही हीच तऱ्हा होती. फ्लॉरेन्समध्ये 1445 साली उघडलेल्या अनाथगृहाच्या नावावरून ‘इन्नोचेन्ती’, म्हणजे निष्पाप, हे आडनाव मिळे. मिलानमध्ये रुग्णालयाच्या कबूतराच्या चिन्हावरून अनेकांना ‘कोलोंबो’ म्हणत. रोमच्या बाजूचे ‘प्रोयेत्ती’ मात्र कठोर. त्याचा अर्थच टाकून दिलेले.

येथे खरा प्रश्न उभा राहतो. मुलाला आसरा द्यायचा आणि त्याच वेळी त्याच्या कपाळी जन्मभराची खूण उमटवायची, ही कसली दया? नेपल्सच्या लोकांनी या मुलांना ‘मादोन्नाची लेकरे’ म्हटले, हे खरे. तरी लग्न जमविताना किंवा काम मागताना आडनावच आधी बोलत असे. 1808 ते 1815 या काळात नेपल्सच्या गादीवर असलेल्या म्यूरा राजाच्या राजवटीत ही प्रथा बंद करण्यात आली. यापुढे अशा मुलांना निरनिराळी आडनावे द्यावीत असे ठरले. अनुन्त्सियाताचे चक्र 1875 साली थांबले. इटलीच्या 2000 सालच्या नागरी नोंदणी नियमांतही, अज्ञात मातापित्यांच्या मुलास त्याचा जन्म उघड करणारे नाव वा आडनाव देण्यास मनाई आहे.

प्रथा गेली, आडनाव मात्र राहिले. आज नेपल्समध्ये एस्पोझितो वकील आहेत, दुकानदार आहेत, शिक्षक आहेत. त्यांच्याकडे कोणी वळूनही पाहत नाही. जी खूण एकट्यादुकट्याला बोचली असती, ती हजारोंची झाली आणि तिची धार गेली. म्हणून आडनाव ऐकून माणसाचे कूळ ताडण्याची घाई होईल, तेव्हा भिंतीतले ते फिरते पिंप आपण आठवावे.