फवारणीची वेळ आणि टॅबवरील फॉर्म : वेळेच्या रकान्यातील दोष कसे ओळखावेत

जबलपूरजवळील महाराजपूर येथे १९८९ मध्ये राष्ट्रीय तणविज्ञान संशोधन केंद्राची स्थापना झाली. आज ही संस्था भारतीय कृषी अनुसंधान परिषदेचे तण संशोधन संचालनालय म्हणून ओळखली जाते. तण व्यवस्थापनाविषयीच्या अखिल भारतीय समन्वित संशोधन प्रकल्पाचे मुख्यालयही येथेच आहे. तणनाशकाच्या परिणामाचा विचार करताना औषध कोणते, मात्रा किती आणि तणाची अवस्था कोणती या प्रश्नांइतकाच चौथा प्रश्न महत्त्वाचा असतो. तो म्हणजे फवारणी नेमकी केव्हा झाली. शेतावरील नोंदी आता कागदी वहीऐवजी टॅबवरील फॉर्ममध्ये होऊ लागल्या आहेत. त्यामुळे या प्रश्नाचे उत्तर वेळेच्या एका लहानशा रकान्यावर अवलंबून राहते.

वेळेच्या नोंदीचे महत्त्व

उगवणीनंतर वापरावयाचे तणनाशक पानांत शोषले जाण्यासाठी फवारणीनंतर काही तास पावसाविना जावे लागतात. वाऱ्याच्या वेळी फवारलेले टू-फोर-डी शेजारच्या कपाशीवर गेल्यास पीक विकृत होते, कारण कपाशी या औषधाला अत्यंत संवेदनशील आहे. अशा तक्रारींचा निवाडा करताना फवारणीची वेळ ही पाऊस व वारा यांच्या नोंदींशी ताडून पाहिली जाते.

समजा, सोयाबीनमध्ये दुपारी ४ वाजता फवारणी झाली आणि सायंकाळी साडेपाचला पाऊस आला. औषधाला मिळालेला कोरडा अवधी केवळ दीड तासाचा आहे. परंतु फॉर्ममध्ये दुपारऐवजी पहाटेचे ४ नोंदले गेले, तर हाच अवधी साडेतेरा तासांचा दिसतो. मग तण का मेले नाही, या प्रश्नाचे उत्तर भेसळयुक्त औषधात किंवा तणाच्या प्रतिकारशक्तीत शोधले जाते. तणांची प्रतिकारशक्ती ही काल्पनिक बाब नव्हे. गव्हातील गुल्ली-दंडा या तणाने आयसोप्रोट्युरॉनला प्रतिकार केल्याचे १९९० च्या दशकात उत्तर भारतात सिद्ध झाले आहे. म्हणूनच चुकीच्या वेळेमुळे खोटा संशय निर्माण होणे जितके घातक, तितकेच खरी प्रतिकारशक्ती पावसाच्या नावाखाली झाकली जाणेही घातक ठरते.

रकान्यात काय दिसते आणि काय साठते

वेबफॉर्ममधील ‘टाइम’ प्रकारच्या रकान्यास स्पर्श करताच जो वेळ-निवडक उघडतो, तो फॉर्म तयार करणाऱ्याने रेखाटलेला नसून ब्राउझर व टॅब यांचा स्वतःचा असतो. म्हणूनच अँड्रॉइड टॅबवर घड्याळाची तबकडी दिसू शकते, तर आयपॅडवर फिरत्या चाकांची रचना दिसू शकते. वेळ १२ तासांच्या पद्धतीने दिसावी की २४ तासांच्या, हे बहुधा उपकरणाच्या मांडणीवरून ठरते. फॉर्मची भाषा मराठी केल्याने त्यात बदल होईलच असे नाही.

मात्र दिसणारे रूप कोणतेही असले, तरी साठवले जाणारे मूल्य नेहमी २४ तासांच्या पद्धतीचे असते. दुपारचे ४ हे ‘१६:००’ असेच साठते. या मूल्यात तारीख नसते आणि कोणत्या देशाची प्रमाणवेळ आहे, हेही नसते. पुढील बहुतेक दोषांचे मूळ या तीन गोष्टींत सापडते.

दोषाच्या खुणा

वेळेच्या नोंदीतील चूक सहसा विस्कळीत नसते. तिची एक ठरावीक ठेवण असते आणि त्या ठेवणीवरूनच कारण ओळखता येते.

१. नेमका १२ तासांचा फरक. सायंकाळच्या फवारण्या पहाटेच्या दिसत असतील, तर निवडकातील सकाळ-दुपारची कळ बदलण्यास नोंदकर्ता विसरला आहे. दुपारचे १२ आणि मध्यरात्रीचे १२ यांचा घोटाळाही याच प्रकारातील आहे. उपाय साधा आहे. टॅबच्या ‘डेट अँड टाइम’ मांडणीत २४ तासांची पद्धत सुरू करावी आणि ब्राउझर बंद करून पुन्हा उघडावा. गावपातळीवर १२ तासांची पद्धतच सोयीची वाटत असेल, तर रकान्याखाली ‘सकाळी, दुपारी, सायंकाळी’ असा वेगळा प्रश्न ठेवून दोन्ही उत्तरे जुळतात का, हे फॉर्मनेच तपासावे.

२. नेमका साडेपाच तासांचा फरक. सकाळी ७ ची फवारणी पहाटे दीडची दिसत असेल, तर दोष नोंदकर्त्याचा नाही. वेळ साठवताना प्रणालीने तिचे जागतिक प्रमाणवेळेत रूपांतर केलेले असते आणि भारतीय वेळ तिच्यापुढे साडेपाच तास असते. पहाटे साडेपाचपूर्वीची नोंद तर आदल्या दिवशी जाते. पहाटे ५ ची नोंद आदल्या रात्रीच्या साडेअकराची होते. बहुतेक फवारण्या उजाडल्यानंतर होत असल्याने तारीख बरोबर राहते आणि हा दोष दीर्घकाळ लक्षात येत नाही. स्थानिक घड्याळाची वेळ रूपांतर न करता जशीच्या तशी साठवणे, हा त्यावरील उपाय होय.

३. वेळ नोंदणीच्या क्षणाशी जुळणारी. फवारणीची वेळ आणि फॉर्म पाठवल्याची वेळ जवळजवळ एकच असेल, तर शंका घ्यावी. रिकाम्या रकान्यास स्पर्श केल्यावर निवडकात सामान्यतः चालू वेळ दिसते. घाईत ती तशीच स्वीकारली जाते. काही फॉर्म तर चालू वेळ आधीच भरून ठेवतात. फवारणीच्या रकान्यात अशी पूर्वभरणी करू नये. फॉर्म पाठवल्याची वेळ प्रणाली स्वतः वेगळी नोंदवू शकते.

४. रकाना रिकामा राहणे. हा दोष मराठी फॉर्ममध्ये विशेष आढळू शकतो. वेळेच्या रकान्यास फक्त इंग्रजी पद्धतीचे अंक मान्य असतात. संगणकीय स्थानिकीकरणात मराठीसाठी देवनागरी अंक मूलभूत मानले आहेत, हिंदीसाठी मात्र तसे नाही. म्हणून फॉर्ममधील आज्ञावली चालू वेळ मराठी पद्धतीने लिहून रकान्यात ठेवू लागली, की ब्राउझर ती अमान्य करून कोणतीही सूचना न देता रकाना रिकामा ठेवतो. हिंदी फॉर्म नीट चालतो, त्याचीच मराठी आवृत्ती अडते, याचे कारण बहुधा हेच असते. ‘सायं. ५:३०’ असा मजकूर आज्ञावलीने ठेवल्यासही हेच घडते. रकान्यात ठेवावयाचे मूल्य नेहमी इंग्रजी अंकांत, दोन अंकी तास व दोन अंकी मिनिटे अशा रूपात द्यावे. देवनागरी अंक फक्त वाचकास दाखवण्याच्या मजकुरात वापरावेत.

५. फॉर्म पाठवण्यास नकार. वेळ बरोबर दिसते, तरी ‘योग्य मूल्य भरा’ अशी सूचना येते. येथे ‘स्टेप’ हा गुणधर्म तपासावा. तो सेकंदांत मोजला जातो आणि न दिल्यास ६० धरला जातो. आज्ञावलीने सेकंदांसह वेळ भरली, तर ती या ६० सेकंदांच्या पायरीत बसत नाही आणि फॉर्म अडतो. १५ मिनिटांची पायरी हवी असेल, तर १५ नव्हे, ९०० लिहावे लागते. तसे केल्यावरही काही टॅबवरील निवडक सर्व मिनिटे दाखवतो आणि नकार मात्र पाठवताना मिळतो. शेतावर इतकी काटेकोर पायरी क्वचितच लागते. ती काढून टाकणे बरे.

६. उणे कालावधी. महाराष्ट्रातील अनेक भागांत कृषिपंपांना रात्रीचा वीजपुरवठा मिळतो. रात्री ११ ला सुरू केलेले पाणी पहाटे ५ ला बंद केले, तर केवळ वेळांची वजाबाकी करणारा फॉर्म चुकीचे उत्तर देतो, कारण वेळेच्या रकान्यास तारीख ठाऊक नसते. अशा नोंदीसाठी आरंभ व शेवट या दोहोंची तारीख घ्यावी किंवा तारीख-वेळ एकत्र असलेला रकाना वापरावा.

निवडक उघडतच नसेल तर

जुन्या ब्राउझरला ‘टाइम’ प्रकार ठाऊक नसल्यास तो साधा मजकुराचा रकाना दाखवतो. मॅक संगणकावरील सफारीत ही सोय २०२१ मधील १४.१ या आवृत्तीपासून आली. म्हणून कार्यालयातील संगणकावर आणि शेतावरील टॅबवर एकच फॉर्म वेगळा वागू शकतो. मजकुराच्या रकान्यात ‘साडेचार’ पासून देवनागरी अंकांपर्यंत काहीही लिहिले जाते. तेव्हा वेळेचा नमुना रकान्याशेजारी छापावा आणि माहिती स्वीकारणाऱ्या प्रणालीनेही ती पुन्हा तपासावी. वेगळ्या कळीने निवडक उघडणारी आज्ञा दिली असेल, तर ती वापरकर्त्याच्या प्रत्यक्ष स्पर्शानंतरच चालते. पान उघडताच आपोआप निवडक दाखवण्याचा प्रयत्न ब्राउझर रोखतो.

हंगामापूर्वीची तपासणी

फॉर्म क्षेत्रावर पाठवण्यापूर्वी वापरात असलेल्या प्रत्येक प्रकारच्या टॅबवर चार वेळा भराव्यात : पहाटेचे ५, दुपारचे १२, सायंकाळचे साडेपाच आणि मध्यरात्रीचे १२. नंतर साठवलेल्या तक्त्यात अनुक्रमे ०५:००, १२:००, १७:३० आणि ००:०० हीच मूल्ये, त्याच तारखेस आहेत का, ते पाहावे. हीच तपासणी टॅबची भाषा मराठी ठेवून आणि इंटरनेट बंद असताना फॉर्म भरून पुन्हा करावी.

हंगामात दोष आढळल्यास जुन्या नोंदी घाईने दुरुस्त करू नयेत. मूळ मूल्य तसेच ठेवून शेजारच्या रकान्यात सुधारित वेळ व सुधारणेचे कारण लिहावे. साडेपाच तासांचा फरक एका सूत्राने भरून काढता येतो; मात्र सकाळ-दुपारचा घोटाळा शेतकऱ्यास विचारूनच सोडवावा लागतो. त्यासाठी शेतकऱ्याने आपल्या वहीत फवारणीची वेळ, पंपांची संख्या व त्या वेळचे हवामान एका ओळीत लिहून ठेवले असेल, तर टॅबवरील नोंदीला तोच सर्वांत भक्कम आधार ठरतो.