पन्नास ग्रॅमांचा सौदा
लेखमाला : खिशातली अवजारं (भाग ६)

फ्रान्समध्ये एक घडीचा चाकू चक्क वजनाच्या नावाने विकला जातो. कंपनी डीजो, आणि चाकूंची नावं १५ ग्रॅम, २७ ग्रॅम, ३७ ग्रॅम. मूठ म्हणावी असं त्यात फारसं काही नाही. पोलादाची एक बारीक चौकट आणि तिच्या अंगाला लागून मिटणारं पातं, एवढाच संसार. शर्टाच्या खिशात टाकला तरी खिसा लोंबत नाही. पोलाद कुठलं, धार किती टिकते, हे प्रश्न नंतरचे. गिऱ्हाइकाला आधी सांगितला जातो तो हा आकडा.

या आकड्याचं वेड कळायला थोडं मागे जावं लागतं. १९६४ साली अमेरिकेतल्या बक कंपनीने ‘११०’ नावाचा घडीचा चाकू बाजारात आणला. शिकाऱ्यांसाठी केलेला, दोन्ही टोकांना पितळ, मध्ये लाकूड, आणि उघडलेलं पातं पाठीमागून घट्ट धरून ठेवणारा खटका. वजन दोनशे ग्रॅमच्या आसपास. हातात घेतला की दमदार वाटतो आणि खिशात टाकला की पँट एका बाजूला ओढतो. साहजिकच तो कातडी म्यानात, कमरेच्या पट्ट्याला लावून वापरायची पद्धत पडली. पुढे याच कंपनीने त्याची नायलॉनच्या मुठीची आवृत्ती काढली आणि वजन जवळजवळ निम्म्यावर आणलं. पितळ गेलं, रुबाब गेला. सफरचंद मात्र पूर्वीसारखंच कापलं जात राहिलं.

याला कारण आहे. उसाच्या फडातला कोयता आपल्या वजनाच्या जोरावर चालतो; हलका कोयता दिला तर तोडणाऱ्याचा खांदा भरून येईल. घडीच्या चाकूचं तसं नाही. तो कधी हात उगारून मारला जात नाही, हाताच्या दाबाने ओढला किंवा ढकलला जातो. तिथे वजनाचा उपयोग शून्य. शिवाय हा चाकू दिवसभर खिशात असतो आणि बाहेर येतो तो मिनिटभरासाठी, पार्सलची पट्टी कापायला नाहीतर काकडी सोलायला. जो चाकू जड म्हणून घरीच राहतो तो कितीही उत्तम असला तरी काय कामाचा?

हलक्या चाकूचं पातं बहुधा पातळ असतं, आणि इथे त्याचा खरा फायदा दिसतो. चार मिलिमीटर जाडीचं पातं गाजरावर ठेवून दाबा. धार अर्ध्यापर्यंत जाते आणि मग गाजर ‘कट्’ आवाज करून पुढचं आपोआप फुटतं, कारण पात्याची पाठ पाचरीसारखी आत घुसलेली असते. तेच दीड-दोन मिलिमीटरचं पातं चकती पाडत तळापर्यंत जातं. कांदा, पाव, दोरी, पुठ्ठा, सगळीकडे हाच अनुभव. धार दोन्हींची सारखी असली तरी पातळ पात्याला जोर कमी लागतो.

हलकेपणाचा हिशेब काही आजचा नाही. स्वित्झर्लंडमधल्या इबाखच्या कार्ल एल्सेनर यांनी १८९१मध्ये स्विस सैन्याला चाकू पुरवायला सुरुवात केली. तो मजबूत होता, पण बोजड. मग त्यांनी अधिकाऱ्यांसाठी हलका, नाजूक चाकू आखला. सहा अवजारं आणि त्यांना मिळून फक्त दोन स्प्रिंगा, ही त्यातली करामत. १२ जून १८९७ रोजी त्याची नोंदणी झाली. सैन्याने तो अधिकृतपणे घेतला नाही, अधिकारी आपल्या पैशाने घेऊ लागले, आणि आज जगभर ‘स्विस चाकू’ म्हणून ओळखला जातो तो हाच.

पण हलक्या चाकूचे गुण आणि खोडी एकाच ठिकाणी पाहायच्या असतील तर फ्रान्सच्या साव्वा प्रांतातला ओपिनेल हातात घ्यावा. आल्प्सच्या डोंगरातल्या एका वाडीत ओपिनेल घराणं कुऱ्हाडी-कोयते घडवत असे. त्या घरातल्या जोसेफने १८९०मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, शेतकऱ्यांसाठी साधा खिशातला चाकू केला. १८९७पर्यंत त्याचे १ ते १२ असे आकार ठरले. पुढे १ आणि ११ हे बंद झाले. सर्वांत खपणारा आठ नंबर. त्याचं पातं साडेआठ सेंटिमीटरचं आणि वजन पन्नास ग्रॅमच्या आसपास.

त्यात भाग मोजून पाच. बीच लाकडाची एकसंध मूठ, तिच्यात करवतीने पाडलेली फट, पातं, एक रिव्हेट, आणि दोन कड्या. मुठीत लोखंडी पट्टी नाही, स्क्रू नाही. बाहेरची कडी अंगठ्याने फिरवली की फटीचं तोंड बंद होतं आणि पातं मागे येऊ शकत नाही. ही फिरती कडी १९५५ची, मार्सेल ओपिनेल यांची. त्याआधी पासष्ट वर्षं हा चाकू खटक्याविनाच वापरला जात होता. बंद पातंही अडकवून ठेवण्याची सोय तर २००० साली आली. इतक्या स्वस्त वस्तूत इतका सरळ विचार क्वचित दिसतो.

आता खोडी. बीच लाकूड पाणी पितं आणि फुगतं. पावसाळ्यात सह्याद्रीत दोन दिवस भिजलेला ओपिनेल उघडायला गेलं की पातं फटीत असं रुतून बसतं की नखाने ओढून नख तुटावं. साव्वाचे लोक मुठीचं मागचं टोक टेबलावर ठोकतात. झटक्याने पातं बोटात धरण्याइतकं वर येतं. युक्ती चालते, पण भर पावसात खिंडीत टेबल कुठून आणायचं? शिवाय साध्या कार्बन पोलादाचं पातं कोकणच्या हवेत पुसून तेल न लावता ठेवलं तर एका रात्रीत तांबूस डाग धरतं, आणि लिंबू कापलं की काळवंडतं. त्याला धार सुरेख चढते म्हणून अनेकजण तेच घेतात. आळशी माणसाने स्टेनलेसचं घ्यावं.

लाकडाच्या या अडचणीवर प्लास्टिक हा उपाय आला. अमेरिकेतल्या स्पायडर्को कंपनीने १९९०मध्ये काचतंतू मिसळलेल्या नायलॉनच्या मुठीचा डेलिका काढला. पाण्याने न फुगणारा, न गंजणारा आणि हलका. वजन आणखी वाचवण्याच्या भरात पहिल्या डेलिकाची खिशाला अडकवायची क्लिपही मुठीसोबत प्लास्टिकमध्येच ओतलेली होती. ती कारच्या पट्ट्यात, दाराच्या कडीत अडकून तुटायची, आणि तुटली की बदलताही यायची नाही. नंतरच्या आवृत्त्यांत धातूची क्लिप स्क्रूने बसवली गेली. चार-पाच ग्रॅम परत आले, आणि बरंच झालं.

२०१७मध्ये बेंचमेड कंपनीने बगआउट हा चाकू आणला. पातं आठ सेंटिमीटरच्या वर आणि तरी वजन अवघं ५२ ग्रॅम. गिर्यारोहकांनी तो उचलून धरला. तक्रार एकच, पण सगळ्यांची: मूठ मधोमध चिमटीत दाबली की दबते. आतली पोलादी पट्टी वजन वाचवण्यासाठी आखूड केलेली, त्यामुळे प्लास्टिकला पाठबळ नाही. चाकू त्याने मोडत नाही, पण हाताचा भरवसा कमी होतो. मग लोक काय करतात? वेगळे पैसे मोजून त्याला अ‍ॅल्युमिनियमची मूठ बसवतात. हलका म्हणून घेतलेला चाकू हौसेने जड करण्याचा हा उद्योग तिकडे चांगला चालतो.

थट्टा बाजूला ठेवली तरी मुद्दा खरा आहे. चाकूतला प्रत्येक ग्रॅम काहीतरी काम करत असतो. मूठ बारीक झाली की ती तळहातात रुतते; फळ कापताना हे जाणवत नाही, पण अर्धा तास बांबूची काठी तासताना बोटांवर फोड येतो. पातळ टोकाने डबा उचकटायला गेलं की टोक मोडतं. मूठ फार हलकी आणि पातं लांब असेल तर तोल पुढे जातो. आणि ज्यांना खटकाच नाही, अशा छोट्या स्प्रिंगच्या चाकूंचं पातं टोक खुपसून दाबताना उलटून बोटांवर मिटू शकतं. अशा चाकूने फक्त ओढून कापावं, भोक पाडायला वापरू नये. लाकूड फोडणं, उचकटणं, हातोडीसारखं ठोकणं ही कामं घडीच्या चाकूची नाहीतच. त्यासाठी म्यानातली अखंड सुरी असते.

कायद्याच्या नजरेत वजनाला किंमत नाही, लांबी आणि खटका मात्र मोजला जातो. ब्रिटनमध्ये १९८८च्या कायद्यानुसार तीन इंचांपर्यंत धारेचा, न अडकणारा घडीचा चाकू कारणाशिवाय जवळ बाळगता येतो. आठ नंबरचा ओपिनेल दोन्ही अटींत नापास. सुरक्षेसाठी लावलेली कडीच तिथे गुन्ह्याला कारण ठरू शकते, हा विनोदच म्हणायचा. भारतात शस्त्र नियमांची परवान्याची रेघ नऊ इंच लांबी किंवा दोन इंच रुंदीच्या पुढे सुरू होते, त्यामुळे हे चाकू तिच्या खूप आत आहेत. पण महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७नुसार शस्त्रबंदीचे आदेश निघतात तेव्हा चाकूसुद्धा त्यात येतो, मग तो ३७ ग्रॅमचा का असेना. विमानात तो हातातल्या पिशवीत चालत नाही, मोठ्या सामानात टाकावा लागतो.

ट्रेक, प्रवास, डबा आणि रोजचं पार्सल एवढंच काम असेल तर पन्नास ते सत्तर ग्रॅमचा, खटका असलेला चाकू पुरेसा आहे. त्याहून हलका शौकाचा आणि त्याहून जड बहुधा मिरवायचा. घेताना दुकानातच तो उघडून पातं डावी-उजवीकडे हलवून पाहावं, मूठ मधोमध दाबावी, आणि खटका लागल्यावर पात्याच्या पाठीवर हलका दाब देऊन तो सुटत नाही ना याची खात्री करावी. त्या वेळी बोटं धारेच्या वाटेत नकोत.

(पुढील आठवड्यात : धार लावायचे दगड)