फणी, फुगे आणि आकाशांतील वीज

विद्युत्शास्त्राचा पहिला पाठ शिकवावयास महागडीं उपकरणें लागत नाहींत. प्लास्टिकची फणी, लोकरीचें फडकें, दोन फुगे, दोरा आणि कागदाचे कपटे एवढें साहित्य पुरे. मात्र ऋतु पाहावा लागतो. वसई तालुक्यांतील चांदीपसारख्या गांवीं आषाढांत हे प्रयोग बहुधा फसतात; कारण दमट हवेंत वस्तूंवर पाण्याचा सूक्ष्म थर बसतो आणि त्यावाटे विद्युद्भार निसटून जातो. म्हणून पौष-माघांतील कोरडी दुपार निवडावी व साहित्य उन्हांत वाळवून घ्यावें.

फणी लोकरीवर घांसून कपट्यांजवळ न्यावी. कपटे उडून तिला चिकटतात. पण त्यांतले कांहीं लगेच दूर फेकले जातात. असें कां व्हावें? येथें शिक्षकानें उत्तराची घाई करूं नये. मुलांस तर्क करूं द्यावा. मग दोन्ही फुगे लोकरीवर घांसून दोऱ्यांनीं शेजारीं टांगावे. ते एकमेकांस लोटतात. सजातीय भार परस्परांस लोटतात, हें मूल आतां स्वतःच सांगतें. आणि फणीचाच भार घेतलेले कपटे कां उडाले, हेंहि त्यास उमगतें. लोकरीवर याच्या उलट भार उरतो, म्हणून ती फुग्यास ओढते. तथापि नुसती ओढ ही भाराची खूण नव्हे. भार नसलेलें बोटहि फुग्यास ओढतें. खरी खूण लोटण्याची.

घर्षणानें भार निर्माण होत नाहीं. १८९७ सालीं जे. जे. टॉमसन यांनीं शोधलेले इलेक्ट्रॉन एका वस्तूवरून दुसरीवर जातात, इतकेंच.

मेघांतहि असेंच घडतें. तेथें हिमकण आणि मऊ गारा एकमेकांवर आदळून भार वेगळे होतात. ढगाच्या तळाशीं बहुधा ऋणभार साठतो आणि तोच विजेच्या रूपानें जमिनीकडे झेपावतो. आश्विनांत भातकापणीच्या वेळीं गडगडाट सुरू झाला, म्हणजे हा पाठ प्राण वाचवूं शकतो. उंच एकाकी झाड विजेस जवळचें पडतें; म्हणून त्याच्या आडोशास जाऊं नये. चमक दिसल्यापासून ३० सेकंदांच्या आंत गर्जना ऐकूं आली, तर वीज १० किलोमीटरांच्या आंत आहे, असें समजून पक्क्या घरांत जावें आणि शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटें तेथेंच थांबावें. ही ताकीद मुलें सहसा विसरतात; परंतु तिचें कारण ज्यानें दोन फुग्यांत पाहिलें, तो ती घरच्यांसहि समजावून सांगतो.