कराओके नाइट: पुरुष गिऱ्हाइकांसाठी इंग्रजी गाणी कशी निवडायची?

मागच्या व्हिडिओत आपण कराओके सेटचा खर्च बघितला: मिक्सर, दोन वायरलेस माइक, स्पीकर, टीव्ही, लॅपटॉप. त्यानंतर सगळ्यात जास्त आलेला प्रश्न म्हणजे, "सर, हिंदीचं जमतं हो, पण इंग्रजी गाणी कुठली ठेवायची? जेंट्स लोक माइकच घेत नाहीत." पुण्यातला कॅफे असो, गोव्यातला शॅक असो किंवा ऑफिस पार्टीचं कंत्राट, प्रश्न हाच.

आधी गणित बघू. एक गाणं साधारण चार मिनिटांचं, माइक बदलायला एक मिनिट. म्हणजे तासाला बारा गाणी, दोन तासांत चोवीस. गाणारा एक आणि ऐकणारे तीस-पस्तीस. बिल त्या पस्तीस जणांकडून येतं. सलग तीन गाणी पडली की टेबलं "चला, बिल द्या" म्हणायला लागतात. म्हणून गाणं निवडताना पहिला प्रश्न हा, की खुर्चीत बसलेला माणूस ह्याच्याबरोबर ओरडू शकेल का?

जॉन डेन्व्हरचं 'टेक मी होम, कंट्री रोड्स' (१९७१) ह्यात पैकीच्या पैकी मार्क घेतं. संथ आहे, शब्द स्पष्ट आहेत आणि कोरस लवकर येतो. ज्याला इंग्रजी गाण्यांचा गंध नाही त्यालाही तो कोरस कानावरून गेलेला असतो. बेन ई. किंगचं 'स्टँड बाय मी' (१९६१) तर नवख्या माणसासाठीच ठेवा. चारच कॉर्ड गोल फिरतात, आवाज फार वर न्यावा लागत नाही. चार मित्रांचं टोळकं असेल तर बॅकस्ट्रीट बॉइजचं 'आय वाँट इट दॅट वे' (१९९९) द्या. मूळ गाणारेच पाच जण, त्यामुळे कुणा एकावर ओझं येत नाही. गोव्यात सीझनला ब्रिटिश पर्यटक असतील तर नील डायमंडचं 'स्वीट कॅरोलाइन' (१९६९) हवंच. इंग्लंडचे फुटबॉलप्रेमी ते स्टेडियममध्ये गातात, तुम्हाला फक्त ट्रॅक लावायचाय. पण हेच गाणं आपल्याकडच्या कॉलेजच्या पोरांपुढे तितकं चालेल असं समजू नका. गाव बदललं की यादी बदला.

आता खरी गोम. पाश्चात्त्य रॉक-पॉपमधले बरेच पुरुष गायक उंच आवाजात गातात आणि आपला सर्वसाधारण पुरुष मधल्या आवाजाचा. आपले पेटीवाले कसं आधी विचारतात, "कुठली पट्टी? काळी एक की काळी दोन?" तेच इथे करायचं. कराओके सॉफ्टवेअरमध्ये 'की'चं बटन असतं, एकदा दाबलं की अर्धा सूर खाली. ब्रायन ॲडम्सचं 'समर ऑफ सिक्स्टी नाइन' आपल्याकडे हमखास मागतात. सुरुवात सोपी वाटते, कोरसला घसा ताणतो. दोन-तीन घर खाली घ्या, तोच माणूस हिरो होतो. त्यापेक्षा फार खाली नेलं तर ट्रॅक बसका वाटतो. पट्टी ठरवताना गिऱ्हाइकाला पहिली ओळ नाही, कोरस गुणगुणायला सांगा. माझ्या मते होस्टची निम्मी कमाई ह्या एका सवयीत आहे.

काही गाणी लोकांना प्रचंड आवडतात, पण गाणाऱ्याला तोंडघशी पाडतात. बॉन जोव्हीचं 'लिव्हिन ऑन अ प्रेअर' (१९८६) घ्या. शेवटचा कोरस अख्खे तीन अर्धे सूर वर चढतो, आणि पट्टी खाली घेतली तरी ती उडी राहतेच. ए-हाच्या 'टेक ऑन मी'ला दोन सप्तकांहून जास्त आवाज लागतो. हौशी माणसाला देऊच नका. जर्नीचं 'डोन्ट स्टॉप बिलीव्हिन' (१९८१) उत्तम, पण त्याचा खरा कोरस पार शेवटाला येतो, तोपर्यंत उंच आवाज सांभाळणारा गडी हवा. 'हॉटेल कॅलिफोर्निया' साडेसहा मिनिटांचं. शेवटची दोन मिनिटं नुसती गिटार, आणि आपले साहेब माइक धरून छताकडे बघत उभे! छोटा केलेला ट्रॅक मिळाला तरच ठेवा. 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' (१९७५) मागणारा एक तरी निघतोच. फ्रेडी मर्क्युरी आपल्या पाचगणीच्या शाळेत शिकला, त्यामुळे जिव्हाळाही असतो. पण जवळपास सहा मिनिटं आणि मधे ऑपेराचा भाग. एकट्याला नको, अख्ख्या टेबलाला मिळून गाऊ द्या.

यादी तीनशे गाण्यांची करू नका. इंग्रजी, पुरुषांसाठी वीस पुरे. कार्डावर गाणं, गायक, मिनिटं आणि तुम्ही तपासून ठेवलेली पट्टी लिहा. पहिलं गाणं तुम्ही स्वतः म्हणा, आणि फार छान म्हणू नका. होस्ट कसलेला गायक निघाला की बाकीचे लाजतात.

रेट ठरवण्याआधी परवाना धरा. यूट्यूबवरचे ट्रॅक घरगुती वापरासाठी असतात, धंद्यासाठी नाही. त्यामुळे व्यावसायिक वापराची परवानगी असलेले ट्रॅक घ्या. शब्द-संगीताच्या जाहीर वापरासाठी आयपीआरएसचा परवाना लागतो, मूळ रेकॉर्डिंग वाजवलं तर त्याचा वेगळा. तो कोण काढणार, तुम्ही की हॉटेलवाला, हे कोटेशनमध्येच लिहून घ्या. आणि गच्चीवर किंवा उघड्यावर असाल तर रात्री दहाला स्पीकर बंद. म्हणून पावणेदहाला 'कंट्री रोड्स' लावून माइक टेबलाटेबलावर फिरवा, आणि तो फिरत असतानाच पुढच्या बुकिंगचं कार्ड वाटून टाका.