पट्टी बदलणारी पेटी

उपग्रहाचे नाव काढले की डोळ्यांपुढे उभी राहते ती भूकेंद्रावरची प्रचंड तबकडी. आपल्या पुणे जिल्ह्यात नारायणगावाजवळ आर्वी येथे १९७२ साली विक्रम भूकेंद्र सुरू झाले, त्याची तबकडी सुमारे ३० मीटर व्यासाची. परंतु तबकडी हे केंद्राचे कान आणि तोंड होय. ऐकलेले समजेल अशा रूपात आणणे आणि बोलायचे ते नेमक्या जागी पोहोचविणे, हे काम कपाटात बसविलेली एक लहानशी पेटी करीत असते. तिला आम्ही कंप्रता-परिवर्तक म्हणू. तंत्रज्ञ तिला फ्रीक्वेन्सी कन्व्हर्टर म्हणतात.

कंप्रता म्हणजे लहरीच्या एका सेकंदातील आंदोलनांची संख्या. अशी दहा लाख आंदोलने म्हणजे एक मेगाहर्ट्झ. आर्वीसारख्या केंद्रातून संदेश वर जातो तो सुमारे ६,००० मेगाहर्ट्झवर आणि खाली येतो तो सुमारे ४,००० मेगाहर्ट्झवर. ३६,००० किलोमीटरांवरून आलेला हा संदेश अत्यंत क्षीण असतो. इतकी जलद लहर तारेतून लांबवर नेऊ गेले तर ती वाटेतच विरते, आणि तिच्यातून हवी ती वाहिनी निवडून काढणेही अवघड जाते. म्हणून ती ७० मेगाहर्ट्झ या पूर्वापार ठरलेल्या मधल्या कंप्रतेवर उतरवितात. पाठविताना हीच क्रिया उलट होते.

गाण्यातला दाखला घेऊ. गायिका काळी चारमध्ये गात असेल आणि तीच चीज गायकाने काळी एकमध्ये म्हटली, तर पट्टी बदलते, चीज बदलत नाही. परिवर्तकाचे कामही असेच. फरक इतकाच की, पट्टी बदलताना स्वरांचे परस्परप्रमाण राखावे लागते. येथे सरळ बेरीज-वजाबाकी चालते. पेटीत एक दोलक असतो, तो स्वतःची शुद्ध लहर निर्माण करतो. आलेली लहर ४,००० ची आणि दोलकाची ३,९३० ची असेल, तर दोन्ही डायोडच्या मिश्रकात एकत्र केल्या की त्यांच्या फरकाची, म्हणजे ७० ची लहर हाती येते. तीत मूळचा मजकूर जसाच्या तसा असतो.

मात्र येथे एक गोम आहे. ३,९३० मधून ३,८६० वजा केले तरी ७० च उरतात! म्हणजे ३,८६० वर दुसऱ्याच कोणाचे संभाषण चालू असेल, तर तेही आपल्या संभाषणात मिसळणार. यावरचा उपाय म्हणजे एका उडीत खाली न येता दोन पायऱ्यांनी येणे. पहिली पायरी १,००० मेगाहर्ट्झच्याही वर ठेवली, की हा आगंतुक जोडीदार इतका दूर जातो की त्याला गाळणीने सहज अडविता येते.

आता सुधारलेल्या परिवर्तकात नवे काय, ते पाहू. जुन्या पेट्यांत दोलकाची कंप्रता स्फटिकावर ठरलेली असे. वाहिनी बदलायची म्हणजे स्फटिक बदलायचा आणि पुन्हा जुळवाजुळव करायची. नव्या पेटीत संश्लेषक असतो. कळ दाबली, किंवा दुरून नुसता आदेश दिला, की एक-एक किलोहर्ट्झच्या पायरीने हवी ती जागा गाठता येते. ७० मेगाहर्ट्झच्या मधल्या कंप्रतेवर उपग्रहाच्या एका प्रेषकाचा ३६ मेगाहर्ट्झ रुंदीचा पट्टा सुखाने मावतो. त्याहून रुंद पट्ट्यांसाठी १४० ची, आणि अलीकडे त्याहीपेक्षा उंच मधली कंप्रता वापरतात.

पण सर्वांत मोठी सुधारणा आहे ती स्थैर्याची. तंबोरा उतरला की गवई कितीही कसलेला असला तरी मैफल बिघडते. दोलक हा या पेटीचा तंबोरा. त्यात लाखात एक एवढीच चूक झाली, तरी ६,००० मेगाहर्ट्झवर ती ६० किलोहर्ट्झ भरते. लहान केंद्राची वाहिनी कधीकधी तेवढीच रुंद असते, तेव्हा ती संपूर्णच आपल्या जागेवरून सरकते आणि शेजाऱ्याच्या घरात शिरते. दहा कोटींत एक इतकी अचूकता ठेवली, तर चूक अवघी ६० हर्ट्झ राहते. म्हणून नव्या पेट्यांचे दोलक एका अतिशय स्थिर १० मेगाहर्ट्झच्या संदर्भलहरीला बांधून ठेवतात. दोलकाची बारीक थरथरही कमी करावी लागते. कारण आज एकाच वाहिनीत पूर्वीपेक्षा कितीतरी अधिक मजकूर दाटीने भरतात, आणि दाटीत थोडा धक्काही पुरतो.

याशिवाय महत्त्वाच्या केंद्रांत दोन पेट्या जोडीने ठेवतात. एक थकली की दुसरी आपोआप काम हाती घेते. ही चैन नव्हे. चेन्नईहून अंदमानला समुद्राखालची तार २०२० साली पोहोचली, कोचीहून लक्षद्वीपला २०२४ साली. तोवर तेथील माणसांचा मुख्य भूमीशी दूरध्वनी आणि इंटरनेटचा संबंध प्रामुख्याने उपग्रहावरच अवलंबून होता. आजही तार तुटली किंवा वादळात जमिनीवरचे मनोरे कोसळले, तर भूकेंद्राचाच आधार उरतो. अशा वेळी ती पेटी बंद पडली, तर बोटीवरच्या माणसाचा निरोप घरी पोहोचत नाही.

उपग्रह हा गावच्या पाणवठ्यासारखा आहे. त्यावर अनेकांचा हक्क, आणि एकाच्या गैरशिस्तीचा उपद्रव सर्वांना. जुन्या केंद्राची तबकडी धड असेल आणि कंप्रतांचा पट्टा तोच ठेवायचा असेल, तर केवळ ही पेटी बदलून केंद्राचे आयुष्य पुष्कळ वाढविता येते. पट्टाच बदलायचा असेल तर तबकडीच्या मुखाशी असलेली सामग्रीही बदलावी लागते, हे मात्र विसरता कामा नये. तेव्हा एखाद्या केंद्राच्या सुधारणेवर सार्वजनिक पैसा खर्च होताना आपण नागरिकांनी तबकडी किती मोठी आहे, एवढेच विचारून थांबू नये. दोलक किती स्थिर आहे आणि राखीव पेटी जागेवर आहे की नाही, हेही विचारावे.