धातूचा थकवा आणि भेगांचे शास्त्र

पोलादी भाग त्याच्या ताकदीपलीकडचा भार आल्यामुळेच मोडतो, असा सर्वसाधारण समज आहे. परंतु यंत्रे आणि वाहने यांच्या बाबतीत तो बऱ्याचदा खरा ठरत नाही. वापरात मोडणारे पुष्कळसे भाग, त्यांना एका वेळी सहज पेलता आला असता असा भार लाखो वेळा सोसल्यानंतर मोडलेले असतात. तार पुन्हापुन्हा मागेपुढे वाकवली की तुटते, तसाच हा प्रकार असून त्याला धातूचा थकवा किंवा फटीग म्हणतात; फरक एवढाच की यंत्राच्या भागात वाकल्याची कोणतीही खूण डोळ्यांना दिसत नाही.

रेल्वेच्या डब्याचा आस हे याचे उत्तम उदाहरण आहे. आस फिरत असताना त्याच्या पृष्ठभागावरचा जो बिंदू वर असताना ताणला जातो, तोच खाली आल्यावर दाबला जातो, म्हणजे चाकाच्या प्रत्येक फेरीबरोबर प्रतिबलाचे एक आवर्तन पूर्ण होते; प्रतिबल म्हणजे पदार्थाच्या एकक क्षेत्रफळावर आतून येणारे बल. भारतीय डब्याच्या नव्या चाकाचा व्यास 915 मिलिमीटर असतो, म्हणून एका किलोमीटरला सुमारे 350 फेऱ्या होतात आणि मुंबईहून नागपूरला पोहोचेपर्यंत आसाने जवळपास तीन लाख आवर्तने सोसलेली असतात. प्रशियातील रेल्वे अभियंता ऑगस्ट व्होलर याने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास अशाच आसांवर पद्धतशीर प्रयोग करून प्रतिबल आणि आयुष्य यांचे नाते दाखवून दिले, आणि यंत्रभागांची रचना करताना त्या नात्याचा आलेख आजही वापरला जातो.

1903 मध्ये युइंग आणि हम्फ्री या संशोधकांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, की वारंवार भार सोसणाऱ्या धातूतील स्फटिकांचे थर एकमेकांवरून घसरून पृष्ठभागावर बारीक रेषा उमटतात आणि त्यांतूनच भेग जन्म घेते. भेग कधी वाढेल याचे गणित ग्रिफिथ या संशोधकाने 1921 मध्ये काचेसाठी मांडले: भेग वाढल्याने मोकळी होणारी ऊर्जा, नवा पृष्ठभाग तयार करण्यास लागणाऱ्या ऊर्जेइतकी झाली की पदार्थ फुटतो. पुढे आयर्विनने ते धातूंसाठी वापरण्याजोगे केले.

या ज्ञानाची निकड कॉमेट विमानांच्या अपघातांनी जगापुढे आणली. 1952 मध्ये प्रवासी सेवेत आलेल्या या जेट विमानांपैकी दोन 1954 च्या जानेवारी व एप्रिल महिन्यांत इटलीजवळच्या समुद्रावर हवेतच फुटली. इंग्लंडमधील फार्नबरो येथे अशाच एका विमानाचा सांगाडा पाण्याच्या टाकीत ठेवून दाबाची आवर्तने दिली, तेव्हा तो प्रत्यक्ष उड्डाणे धरून सुमारे तीन हजार आवर्तनांत केबिनच्या झरोक्याच्या कोपऱ्यापासून फाटला. याआधी विमान बनवणाऱ्या कारखान्यात तपासलेला सांगाड्याचा भाग मात्र 15 हजारांहून अधिक आवर्तने टिकला होता. कारण असे, की त्या भागावर आधी नेहमीच्या दुप्पट दाब देऊन पाहिला होता. त्यामुळे कोपऱ्याजवळचा धातू किंचित ताणला जाऊन तेथे दाबाचे प्रतिबल कायमचे शिल्लक राहिले आणि त्याने भेगेला रोखून धरले. धातूच्या पूर्वेतिहासाचा त्याच्या आयुष्याशी किती निकटचा संबंध असतो, याचे यापेक्षा बोलके उदाहरण क्वचितच सापडेल.

तरीही मूलभूत प्रश्न सुटलेले नाहीत. एका आवर्तनात भेग किती पुढे सरकते हे सांगणारा पॅरिस या संशोधकाचा 1960 च्या दशकातील नियम मोजमापांवर बसवलेला आहे. त्यातील स्थिरांक अणूंच्या रचनेवरून, सर्व धातूंना लागू पडतील अशा रीतीने, अजून काढता येत नाहीत. एक कोटी आवर्तने टिकलेले पोलाद कायमचे टिकते हा जुना विश्वासही ढासळला आहे, कारण त्यापुढे भेग पृष्ठभागाऐवजी आतल्या बारीक अशुद्ध कणापासून सुरू होऊ शकते. सेकंदाला 30 आवर्तने देणाऱ्या यंत्रावर शंभर कोटी आवर्तनांना वर्षाहून अधिक काळ लागतो, तर सेकंदाला 20 हजार आवर्तने देणाऱ्या श्राव्यातीत (अल्ट्रासॉनिक) यंत्रावर 14 तास पुरतात. पण इतक्या वेगाने मिळालेले आकडे प्रत्यक्ष वापराला कितपत लागू पडतात, हाच मोठा संशोधनविषय झाला आहे. थ्रीडी छपाईने बनवलेल्या टायटॅनियमच्या भागांतील सूक्ष्म पोकळ्या हाही असाच प्रश्न आहे, आणि पोलादात शिरून त्याला ठिसूळ करणाऱ्या हायड्रोजनचा प्रश्न तर हायड्रोजन इंधनाच्या टाक्या आणि नळ उभारण्याआधीच हाताळावा लागेल.

महाराष्ट्रातील विद्यार्थ्याला या कामासाठी दूर जाण्याची गरज नाही. पुण्यातील फोर्जिंग कारखाने आणि वाहनचाचणी करणारी एआरएआय, अंबरनाथची नौदल पदार्थ संशोधन प्रयोगशाळा, तुर्भ्याचे भाभा अणुसंशोधन केंद्र या ठिकाणी भागाचे आयुष्य ठरवणे हे नित्याचे काम असते. राज्याबाहेर लखनौची रेल्वे संशोधन संस्था आरडीएसओ आणि बंगळुरूची विमानविद्येची प्रयोगशाळा एनएएल आहेत. भाग न तोडता ध्वनिलहरींनी भेग शोधणारा तंत्रज्ञ आणि मोडलेल्या पृष्ठभागावरून कारण सांगणारा विश्लेषक, दोघांनाही येथे वाव आहे. अडचण शिक्षणात आहे: यंत्र अभियांत्रिकीचा विद्यार्थी संगणकावर प्रतिबलाचे रंगीत नकाशे काढतो पण सूक्ष्मदर्शकातून धातू पाहत नाही, तर धातुशास्त्राच्या विद्यार्थ्याला यामिकीचे, म्हणजे बल आणि विरूपण यांच्या शास्त्राचे, गणित परके वाटते. भेग समजून घेण्यासाठी दोन्ही लागतात. म्हणून मुंबईची आयआयटी, पुण्याचे सीओईपी किंवा नागपूरचे व्हीएनआयटी येथे या शाखांत शिकणाऱ्यांनी दुसऱ्या शाखेचा निदान एक विषय प्रयोगशाळेसह अवश्य निवडावा.